हिरवा खोका, चिकटवलेली बॅटरी

पुण्याच्या बुधवार पेठेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माणसाचा फोनच्या जाहिरातींवर फारसा विश्वास उरत नाही. गिऱ्हाईक फोन पुढून बघतं, आम्ही मागून. गेल्या काही वर्षांत खोक्यांवर हिरवी पानं उगवायला लागली आहेत. कागद पुनर्वापराचा, शाई सोयाबीनची, चार्जर काढून टाकला तोही म्हणे पर्यावरणासाठी. खोका आठवड्याभरात रद्दीत जातो. आतला फोन किती वर्षं चालेल, बॅटरी कोण बदलून देणार आणि केवढ्याला, यावर त्याच खोक्यावर एक अक्षर नसतं.

माझी धाकटी बहीण शाळेत पर्यावरण शिकवते, म्हणून तिने मुद्दाम असाच हिरव्या पानाचा फोन घेतला. चांगली किंमत मोजली. तिसऱ्या पावसाळ्यात फोनची पाठ एका कडेने उचलली गेली; आत बॅटरी फुगली होती. ती आधी कंपनीच्या अधिकृत केंद्रात गेली, ते बरोबरच केलं. तिथे काउंटरवरच्या मुलाने फोन उघडलासुद्धा नाही. ‘मॅडम, या मॉडेलचे पार्ट येत नाहीत. एक्सचेंजमध्ये टाका, नव्यावर सूट देतो.’ मग फोन माझ्या टेबलावर आला.

हीट गनने पाठ सैल केली आणि आत बघितलं. बॅटरी चौकटीला चारही बाजूंनी गोंदाने चिकटवलेली. काही कंपन्या बॅटरीखाली ओढून काढायची पट्टी देतात, तीही इथे नव्हती. फुगलेली बॅटरी पत्र्याने खरवडून काढणं म्हणजे आगीशी खेळ, म्हणून कडेने थेंब थेंब अल्कोहोल सोडत, वाट बघत, प्लॅस्टिकच्या पट्टीने ती सोडवत राहिलो. अख्खी दुपार गेली. तापकीर गल्लीतल्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारलं, तर कंपनी बाहेरच्या कारागिराला ओरिजिनल बॅटरी देतच नाही. मिळत होती ती कॉपी. तिच्यावरचा क्षमतेचा, म्हणजे एमएएचचा आकडा ओरिजिनलपेक्षाही मोठा छापलेला! शेवटी एका मेलेल्या फोनमधली, त्याच मॉडेलची, त्याच कंपनीची बॅटरी काढून बसवली. फोन सुरू झाला आणि पडद्यावर सूचना आली, की हा सुटा भाग ओळखता येत नाही. कंपनीचीच बॅटरी कंपनीच्याच फोनला ओळखता येईना, कारण आतल्या चिपचा नंबर बोर्डाशी जुळत नव्हता. शिवाय सुरक्षा अपडेट केव्हाच बंद झाले होते.

हे सगळं न टळण्यासारखं आहे का? माझ्या वयाच्या कारागिरांना बीएल-५सी आठवत असेल. नोकियाच्या कितीतरी मॉडेलांना हीच एक बॅटरी चालायची, नखाने पाठ काढली की हातात यायची. २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं, की मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी जास्त तापू शकतात. आपल्याकडे घबराट उडाली, दुकानांपुढे रांगा लागल्या. पण करायचं काय होतं, तर बॅटरी काढायची, नंबर तपासायचा, सदोष असेल तर बदलून घ्यायची. हँडसेट गिऱ्हाइकाकडेच राहिला. नऊ वर्षांनी सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेटायला लागल्या. दोष पुन्हा बॅटरीचाच. मात्र ती फोनमध्ये बंदिस्त होती, त्यामुळे पहिल्याच फेरीत २५ लाखांच्या आसपास अख्खे फोन परत मागवावे लागले आणि पुढच्याच महिन्यात मॉडेल कायमचं बंद झालं. दोष तोच, भुर्दंड कितीतरी पट. फोन पातळ आणि पाण्यापासून सुरक्षित हवा असेल तर गोंद लागतोच, असं कंपन्या सांगतात. त्यात तथ्य थोडं आहे, सोय जास्त आहे.

फोनचं आयुष्य एवढं महत्त्वाचं का, हे बोर्ड समोर ठेवल्यावर पटकन कळतं. फोन थरथरतो ना, त्या छोट्या मोटरीत बहुधा एक जड तुकडा असतो, तो टंगस्टनचा. बोर्डावरच्या काही बारीक कपॅसिटरांत टँटलम असतं, ते कोल्टन नावाच्या खनिजातून येतं. सगळे जोड कथिलाचे. कनेक्टरच्या पिना पिवळ्या दिसतात, ते खरं सोनं, पातळ मुलाम्याचं. आणि बॅटरीत लिथियमबरोबर कोबाल्ट. इलेक्ट्रिक गाड्यांना कोबाल्ट नसलेल्या बॅटऱ्या चालतात, पण त्याच ताकदीसाठी त्यांना जागा जास्त लागते, आणि फोनमध्ये जागेचीच तर मारामारी.

जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतं, मुख्यतः कोल्वेझीच्या आसपासच्या पट्ट्यातून. त्यातला बराचसा भाग मोठ्या यांत्रिक खाणींचा. पण काही भाग माणसं हाताने खणतात, आधार न दिलेल्या अरुंद बोगद्यांत उतरून. युनिसेफने २०१४ मध्ये अंदाज दिला होता, की दक्षिण काँगोतल्या खाणींवर ४० हजारांच्या आसपास मुलं राबतात. २०१६ मध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने काँगोतल्या आफ्रेवॉच या संस्थेबरोबर अहवाल काढला आणि हा माल खरेदीदारांच्या अड्ड्यांवरून चीनमधल्या शुद्धीकरण कारखान्यांपर्यंत आणि तिथून बॅटऱ्यांपर्यंत कसा जातो, याचा माग दाखवला. खड्ड्यातलं पोतं एकदा मोठ्या ढिगात मिसळलं, की कुठलं कोबाल्ट कोणी खणलं हे सांगणं महाकठीण.

इथे गिऱ्हाइकाने एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ‘संघर्षमुक्त खनिजं’, म्हणजे सशस्त्र टोळ्यांना पैसा न पोचवणारी खनिजं, असा शिक्का दिसला तर लगेच निश्चिंत होऊ नका. अमेरिकेचा २०१० चा डॉड-फ्रँक कायदा काय किंवा १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेला युरोपीय महासंघाचा नियम काय, दोन्हींत चारच धातू आहेत: कथिल, टँटलम, टंगस्टन आणि सोनं. कोबाल्ट त्यात नाही. शिक्का खरा असेल, तरी बॅटरीबद्दल तो गप्प असू शकतो. कंपनीने कोबाल्टचं वेगळं काय सांगितलं आहे, ते बघायचं.

आणि हो, ‘भारतात बनलेला’ हाही नीतीचा दाखला नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकात नरसापूरच्या विस्ट्रॉन कंपनीच्या फोन कारखान्यात थकलेल्या पगारावरून कामगारांचा उद्रेक झाला. पुढच्याच डिसेंबरात तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळच्या फॉक्सकॉन कंपनीच्या फोन कारखान्यातल्या कामगार मुलींना वसतिगृहाच्या जेवणातून विषबाधा झाली. अडीचशेहून जास्त आजारी पडल्या आणि बाकीच्या चेन्नई–बंगळूरू महामार्गावर जाऊन बसल्या, तेव्हा कुठे त्या कशा राहतात याची चौकशी झाली. आपल्या देशात फोन बनतात याचा मला आनंदच आहे. पण त्या मुलींची खोली कशी आहे, हेही फोनच्याच दर्जात मोडतं.

मग चांगला फोन नसतोच का? एक प्रयत्न मी हातात घेऊन पाहिला आहे. नेदरलँड्समध्ये नोकरी करणारा एक गिऱ्हाईक सुट्टीत पुण्याला आला होता, त्याच्याकडे फेअरफोन ३ होता. अॅमस्टरडॅमची ही कंपनी २०१३ ची; त्याआधी ती संघर्षातल्या खनिजांविरुद्धची मोहीम होती. या गिऱ्हाइकाच्या फोनचा चार्जिंग जॅक बिघडला होता. पाठ नखाने निघाली, बॅटरी बोटांनी उचलली. या फोनच्या खोक्यात छोटा स्क्रू ड्रायव्हरच येतो. आतला प्रत्येक भाग वेगळा, त्यावर नाव छापलेलं, गोंद नाही. खालचा भाग तेवढा बदलायचा होता. तो इथे मिळणं शक्य नव्हतं, म्हणून पठ्ठ्याने परत जाऊन मागवला आणि स्वतःच बसवला. माझा धंदा बुडवणारा फोन, पण मला तो मनापासून आवडला.

त्याचे देव्हारे माजवायचं कारण नाही. कॅमेरा त्याच किमतीच्या इतर फोनांपुढे फिका, भारतात अधिकृत विक्री नाही. पहिल्या फेअरफोनला तर चिप बनवणाऱ्या कंपनीकडून पुढचं सॉफ्टवेअर न मिळाल्याने अँड्रॉइड जुनंच राहिलं आणि २०१७ मध्ये त्याचा पाठपुरावा थांबला. त्यातून ते शिकले. दुसऱ्या फोनला मार्च २०२३ पर्यंत, म्हणजे सातेक वर्षं अपडेट दिले. २०२३ च्या फेअरफोन ५ साठी त्यांनी फोनची नेहमीची चिप सोडून कारखान्यांतल्या यंत्रांसाठी असलेली निवडली, कारण तिचा पाठपुरावा जास्त वर्षं होतो. काँगोतला माल टाळून हात झटकण्याऐवजी हाताने खणणाऱ्यांची परिस्थिती सुधारण्यासाठी २०२० मध्ये ‘फेअर कोबाल्ट अलायन्स’ उभी करण्यात ते होते. चीनमधल्या जुळणी कारखान्यातल्या कामगारांना जगण्यापुरत्या वेतनातली तूट भरायला बोनस देतात. फोनच्या किमतीपुढे ती रक्कम किरकोळ असते. मोठ्या कंपन्यांना हे परवडत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

त्यांच्यावर दबाव आला की त्या करतात, हेही दिसतंय. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये एस २४ ला सात वर्षांचे अपडेट जाहीर केले. युरोपात २० जून २०२५ पासून नवा नियम आहे: विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग, किमान पाच वर्षं अपडेट, आणि ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर बॅटरीत ८० टक्के ताकद उरलीच पाहिजे. प्रत्येक फोनला लेबल, त्यावर दुरुस्तीची श्रेणी अ ते इ अशा पाच पायऱ्यांत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, पण फोनवर अशी श्रेणी छापण्याची सक्ती अजून नाही.

तोवर आपलं आपण बघायचं. फोनच्या जन्मभराच्या कार्बन उत्सर्जनापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास तो बनतानाच झालेलं असतं. रोजच्या चार्जिंगचं त्यात थोडंच. म्हणून नवा हिरवा फोन घेण्यापेक्षा हातातला आणखी दोन वर्षं चालवणं केव्हाही वरचढ. घ्यायचाच असेल तर कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी अपडेटची तारीख विचारा. अपडेटची वर्षं तुम्ही खरेदी केल्यापासून नव्हे, मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. दिवाळीच्या सेलमध्ये स्वस्तात मिळणाऱ्या गेल्या वर्षीच्या फोनची निम्मी वर्षं कधी कधी संपलेली असतात. तोच फोन युरोपात विकला जात असेल तर तिथली दुरुस्तीची श्रेणी इंटरनेटवर बघा, फक्त मॉडेल नंबर तंतोतंत जुळतोय ना ते तपासा. जुना घेणार असाल तर *#06# दाबून फोनचा आयएमईआय नंबर काढा आणि KYM, मध्ये जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं.

बॅटरी उष्णतेने मरते. दुचाकीच्या हँडलला भर उन्हात फोन लावून नकाशा आणि चार्जिंग दोन्ही चालू ठेवणाऱ्यांच्या बॅटऱ्या माझ्याकडे सगळ्यांत आधी येतात. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बऱ्याच फोनांत आहे, ती चालू करा. पाठ उचललेली दिसली तर चार्जिंग बंद, दाबून बसवायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही. मेलेला फोन घरच्या कचऱ्यात किंवा भंगारात देऊ नका. भंगारातले बोर्ड दिल्लीच्या सीलमपूर किंवा मुरादाबादकडे जातात आणि तिथे तांबं-सोनं काढायला उघड्यावर जाळले जातात, आम्लात बुडवले जातात. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी जुना माल गोळा करून नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा कंपनीकडेच मागणी करा. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेचे लोकही ई-कचरा घेतात. देण्याआधी गूगल खातं काढून फोन रिसेट करायला विसरू नका.

अधिकृत केंद्राने पार्ट नाही म्हटलं, तर ते तोंडी ऐकून परत फिरू नका. लेखी मागा. मॉडेल, तारीख, कुठला भाग नाही, तेवढं लिहून शिक्का घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. माझ्या बहिणीने मागितलं, तेव्हा त्याच केंद्राने दोन दिवसांनी कळवलं, की बॅटरी मागवता येईल.