मोबाइलवरची पाटी

मुदखेड रेल्वेचे जंक्शन आहे. भोवती फुलांचे मळे आहेत. तोडलेले फूल लवकर मान टाकते. म्हणून गिऱ्हाईकही लवकर मिळावे लागते. आता पुष्कळ गिऱ्हाइके मोबाइलवर दुकान शोधतात. तिथे दिसणारी दुकानाची पाटी म्हणजे वेबसाइट.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली पहिली वेबसाइट जगापुढे ठेवली. तिच्यात चित्रे नव्हती, नुसती अक्षरे होती. तरी काम भागले.

आपल्या पाटीवर पाच गोष्टी हव्यात: माल कोणता, आजचा भाव, दुकान कुठे, उघडते केव्हा आणि फोन नंबर. भाषा आपली मराठी, अक्षर ठळक. जड चित्रांची गर्दी झाली तर पान उघडायला वेळ लागतो. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. कालचाच भाव आज राहिला तर विश्वास जातो.

आम्ही शाळेत फळ्यावर लिहिले, की मागच्या बाकापाशी जाऊन वाचून पाहत असू. पाटीचेही तसेच करावे. नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाला ती दाखवावी. तो अडखळला तर दोष त्याचा नाही, लिहिणाऱ्याचा. तुम्ही अडखळलात, तर बेधडक सांगा, "बाबा, नीट लिही."

सांगा पाहू: पाटीवरच्या पाच गोष्टी कोणत्या?