पावसाचा नकाशा

"औंदा पाऊस लई झाला," असे आपण म्हणतो. पण लई म्हणजे किती? आणि कोठे? हे नीट सांगायला दोन गोष्टी लागतात. एक माप आणि दुसरा नकाशा.

आधी माप पाहू. पाऊस मोजण्याच्या यंत्राला पर्जन्यमापक म्हणतात. ते उघड्यावर ठेवतात. त्यात साठलेले पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजतात. हे माप मिलिमीटरचे असते. एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एका गुंठ्यावर सुमारे १०० लिटर पाणी पडते.

आता नकाशा. ठिकठिकाणची मापे हवामान खात्याकडे जातात. खाते देशाच्या नकाशावर चौकोन आखते. एक चौकोन सुमारे २५ किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद. प्रत्येक चौकोनात त्या दिवसाचा पाऊस लिहितात. ज्या चौकोनात यंत्र नाही, तेथला पाऊस आजूबाजूच्या मापांवरून काढतात. १९०१ सालापासूनचे असे रोजचे नकाशे तयार आहेत.

एवढा खटाटोप कशाला? वर्षाची बेरीज तर सोपी आहे! पण बेरीज फसवते. समजा, दोन गावांत वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला. एका गावात तो ४० दिवसांत थोडा थोडा पडला. पाणी मुरले, विहिरी भरल्या, पीक आले. दुसऱ्या गावात बहुतेक पाऊस पाच-सहा दिवसांतच कोसळला. माती वाहून गेली, बांध फुटले. मग उघडीप पडली आणि उरलेले पीक करपले. बेरीज सारखीच, पण एका घरी सुगी आली, दुसऱ्या घरी कर्ज.

पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ पर्यंतचे रोजचे नकाशे तपासले. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतचा देशाचा मधला पट्टा त्यांनी पाहिला. एकाच वेळी मोठ्या मुलखावर अतिजोराचा पाऊस कोसळण्याचे प्रसंग तेथे सुमारे तिप्पट झाले होते. एकूण पाऊस मात्र वाढला नव्हता. ही गोष्ट २०१७ साली प्रसिद्ध झाली.

नकाशा आणखी एक गोष्ट शिकवतो. शेजारी पाऊस पडला नाही, म्हणून आपल्याकडे पडणार नाही, असे नसते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत काय झाले पाहा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे एका गुंठ्यावर ९४ हजार लिटरांहून जास्त! त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटरच पडला. दोन्ही ठिकाणे एकाच शहरातली. मध्ये अंतर २०-२५ किलोमीटरचे. एका टोकाला नेहमीचा पावसाळी दिवस आणि दुसऱ्या टोकाला प्रलय.

पण नुसता पावसाचा नकाशा पुरत नाही. त्यावर दुसरा नकाशा ठेवावा लागतो. डोंगर कोठे, उतार किती, ओढा कोठून जातो, घरे कोठे आहेत, हे त्यात हवे. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण हे गाव डोंगराच्या उताराखाली होते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी, जोराच्या पावसात, डोंगराचा भाग गावावर कोसळला. दीडशेच्या वर माणसे गेली. तेवढाच पाऊस सपाट रानात पडता, तर शेतात पाणी साचले असते. उताराखाली त्याने गाव गिळले.

म्हणून हवामान खाते जिल्ह्यांच्या नकाशाला रंग देते. हे रंग ओळखायला शिका.

हिरवा : इशारा नाही.
पिवळा : लक्ष ठेवा.
नारिंगी : तयार राहा.
लाल : ताबडतोब हालचाल करा.

हा रंग साऱ्या जिल्ह्याचा असतो. तुमच्या वाडीचा उतार आणि तुमचा ओढा तुम्हांलाच माहीत. म्हणून गावाचा नकाशा तुम्हीच काढा. चावडीवर बसा, म्हाताऱ्या माणसांना विचारा. पूर्वी पाणी कोठपर्यंत चढले होते, तेथे खूण करा. कोणती घरे उताराखाली आहेत? कोणत्या घरी आजारी, म्हातारे, बाळंतीण आहे? उंचावरची पक्की जागा कोणती? तीही दाखवा.

नारिंगी रंग दिसला, की गुरे आणि कागदपत्रे हलवण्याची तयारी करा. लाल दिसला, की रात्रीची वाट पाहू नका. धोक्यातली घरे उजेड आहे तोवर रिकामी करा. डोंगराला भेग पडली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर रंग कोणताही असो, तेथून निघा.

सांगा पाहू :
१. एक मिलिमीटर पावसाने एका गुंठ्यावर किती पाणी पडते?
२. वर्षाची बेरीज का फसवते?
३. तुमच्या गावात पाण्याच्या वाटेवर कोणाची घरे आहेत? त्यांची नावे लिहून काढा.