कर्जाचा कागद पाहण्याचा हक्क
(क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसंबंधी एक अभ्यासपाठ)

कर्ज आणि कागद यांचे नाते फार जुने आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो लवकरच पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरला. या दंग्याचा विशेष असा की, जमावाचा रोख मुख्यतः सावकारांजवळच्या खतपत्रांवर होता. खते हाती लागली की ती जाळली जात. आपण कशावर अंगठा उठवला, त्यात मुद्दल किती आणि व्याज किती, हे रयतेला उमगत नव्हते. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य करणारा कायदा झाला. खतावरचा आकडाच प्रमाण न मानता व्यवहाराच्या आरंभापासूनचा हिशेब न्यायालयाने तपासावा, असे त्या कायद्याने ठरविले. कर्जदारास पावती व हिशेब मिळण्याचा हक्कही त्याने दिला. कागद जाळून प्रश्न सुटत नाही, तो उजेडात आणून तपासावा लागतो, हा त्यातील बोध होय.

आज अनेकांच्या बाबतीत खताची जागा क्रेडिट कार्डाने घेतली आहे. कार्डाचा अर्ज पुष्कळदा घाईत भरला जातो, अटी वाचल्या जात नाहीत आणि पुढे एखाद्या वसुली संस्थेचे पत्र येते. त्यातील रकमेने धास्तावून कोणी दागिने मोडतो, तर कोणी पत्राकडे पाठ फिरवतो. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. प्रथम कागद मागावा.

थकबाकी कशी वाढते

एक उदाहरण घेऊ. समजा, कार्डावर 20,000 रुपये बाकी आहेत आणि व्याजाचा दर दरमहा 3.5 टक्के आहे. एका महिन्याचे व्याज 700 रुपये झाले. या व्याजावर 18 टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे 126 रुपये लागले. एकूण 826 रुपये. ग्राहकाने किमान देय म्हणून 5 टक्के, अर्थात 1,000 रुपये भरले, तर मूळ बाकी केवळ 174 रुपयांनी कमी होते. हप्ता चुकल्यास विलंबशुल्क आणि त्यावरील कर यांची भर पडते. म्हणून मागणीपत्रातील एकच ठोक आकडा पुरेसा नसतो. त्यात खरेदी किती, व्याज किती, शुल्क किती आणि कर किती, याची फोड मिळाली पाहिजे. व्याजाचा दर व शुल्क मूळ करारात होते काय, हे करारपत्र पाहिल्याशिवाय कळत नाही.

पुराव्याचा नियम

ज्याने पैसे मागावयाचे त्याने ते देणे सिद्ध करावयाचे, हे न्यायाचे मूलतत्त्व आहे. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 28 प्रमाणे नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंदी पुराव्यात घेता येतात. मात्र केवळ त्या नोंदींवरून कोणावरही देण्याची जबाबदारी लादता येत नाही. संगणकावरील हिशेबासही हा नियम लागू आहे. 1872 च्या जुन्या पुरावा कायद्यातही हेच तत्त्व होते. चंद्रधर गोस्वामी विरुद्ध गौहाटी बँक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच आधारे सांगितले की, ग्राहकाने नोंद नाकारली असता बँकेने खातेवहीच्या नकलेखेरीज अन्य पुरावाही दिला पाहिजे.

रिझर्व्ह बँकेने 2022 साली कार्डासंबंधी दिलेल्या निर्देशांतही ग्राहकाने बिलाविषयी हरकत घेतल्यास 30 दिवसांच्या आत खुलासा आणि, लागू असेल तेथे, कागदोपत्री पुरावा द्यावा, असा नियम होता. न मागितलेले कार्ड देण्यासही मनाई करण्यात आली होती. असे निर्देश वेळोवेळी नव्याने काढले जातात. म्हणून तक्रार लिहिताना चालू निर्देश पाहून घ्यावेत.

पत्रात काय मागावे

पुढील कागदांच्या प्रती लेखी मागाव्यात:

1. सही केलेला किंवा संगणकावरून संमती दिलेला मूळ अर्ज व करारपत्र.
2. त्या वेळी लागू असलेल्या अटी आणि नंतर केलेल्या बदलांच्या सूचना.
3. पहिल्या दिवसापासूनची मासिक हिशेबपत्रके.
4. कर्ज दुसऱ्या संस्थेकडे सोपविले असल्यास त्या संस्थेचा अधिकार दाखविणारा कागद.

पत्राच्या शेवटी एक वाक्य अवश्य असावे: “हे पत्र केवळ माहितीसाठी असून, मागणीपत्रातील रक्कम मला मान्य आहे असे त्यावरून समजू नये.” पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे आणि त्याची प्रत व पावती जपून ठेवावी.

एक गैरसमज

करारपत्र मागितले आणि ते मिळाले नाही की कर्ज बुडाले, असा समज काही ठिकाणी आढळतो. असा सल्ला इंग्लंडमध्ये बराच प्रचलित झाला. तेथील 1974 च्या ग्राहक पत कायद्यानुसार 1 पौंड शुल्क भरून करारपत्राची प्रत मागता येते आणि ती मिळेपर्यंत धनकोस न्यायालयामार्फत वसुली करता येत नाही. परंतु तेथेही कर्ज नाहीसे होत नाही. मूळ कागदाची छायाप्रतच हवी असे नाही, दप्तरातील नोंदींवरून तयार केलेली प्रतही चालते, असा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने 2009 साली दिला. आपल्याकडे तर तसा कायदाच नाही. ज्याने वस्तू घेतल्या त्याने पैसे फेडले पाहिजेत. कागद मागण्याचा हेतू खरे देणे किती, हे ठरविणे एवढाच आहे. जी रक्कम आपल्याला निःसंशय मान्य आहे, तिच्या फेडीसाठी बँकेशी हप्त्यांची बोलणी करावीत.

मुदतीची सावधगिरी

मुदत अधिनियम, 1963 प्रमाणे अशा दाव्याची मुदत सामान्यतः 3 वर्षे असते. मुदत संपण्यापूर्वी देणे लेखी मान्य करून सही दिल्यास, किंवा काही रक्कम भरून तशी सहीची नोंद केल्यास, मुदत नव्याने सुरू होते. मुदत उलटल्यानंतरही सहीने लेखी वचन दिले तर ते बंधनकारक ठरते. म्हणून वसुली प्रतिनिधीने पुढे केलेल्या कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. गोव्यात पूर्वी पोर्तुगीज दिवाणी संहितेतील मुदतीचा आधार घेतला जात असे. मात्र कराराच्या व्यवहारांना येथेही 1963 चा अधिनियमच लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली एका बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले.

दाद कोठे मागावी

प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर न आल्यास अथवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. न्यायालयाचे समन्स आले तर मात्र तक्रारीचा निकाल लागण्याची वाट पाहत बसू नये. संक्षिप्त दाव्यात हजेरी नोंदविण्यास केवळ 10 दिवस मिळतात. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि इतर पात्र नागरिक यांना 1987 च्या कायद्यानुसार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. केवळ कर्ज थकणे हा फौजदारी गुन्हा नव्हे, हेही धास्तावलेल्या कुटुंबास समजावून सांगणे अगत्याचे आहे.

शिक्षक व पंचायत सचिव यांनी गावसभेत एखादे हिशेबपत्रक फळ्यावर मांडून मुद्दल, व्याज, शुल्क आणि कर वेगळे करून दाखवावेत. चौथी-पाचवी शिकलेल्या माणसालाही ही बेरीज-वजाबाकी जमते. जो कर्जदार आपला हिशेब स्वतः वाचू शकतो, त्याला धाक दाखवून जादा पैसे घेता येत नाहीत, आणि आपले खरे देणे नाकारण्याचा मोहही त्याला होत नाही.