बागबाजारने टिळकांना वर्गणी का पाठवली?

प्रश्न : दुर्गापूजेला कोलकात्यात गेलो होतो. बागबाजारच्या मंडपात एका वृद्ध बंगाली गृहस्थांनी सांगितले, ‘तुमच्या टिळकांच्या खटल्याला इथून पैसे गेले होते.’ हे खरे का? आणि अमेरिकेतल्या परंपरावादी सिनेटरसारखे टिळकही कधी कायदेमंडळात होते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. टिळक १८९५ मध्ये मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले आणि १८९७ मध्ये पुन्हा निवडून आले. मात्र सिनेटरला कायदा अडवता येतो. टिळकांना प्रश्न विचारता येत आणि अर्थसंकल्पावर बोलता येई, पण कायदा अडवणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांचे खरे बळ ‘केसरी’त होते.

बागबाजारचे बळही वर्तमानपत्रातच होते. शिशिरकुमार आणि मोतीलाल या घोष बंधूंची ‘अमृत बझार पत्रिका’ तिथल्या आनंद चॅटर्जी लेनमधून निघे. १८७८ मध्ये देशी भाषांतल्या पत्रांवर निर्बंध आले, तेव्हा घोष बंधूंनी बंगाली आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघणारी पत्रिका एका रात्रीत पूर्ण इंग्रजी केली आणि कायद्याच्या कचाट्यातून सुटका करून घेतली.

पुणे आणि बागबाजार एका बाजूला उभे राहिले ते १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली होती. संमतीचे वय तेव्हा दहा असल्याने तो बलात्कार ठरला नाही. नवरा वर्षभराच्या सक्तमजुरीवर सुटला. सरकारने वय बारा करायचे ठरवले. टिळकांनी कडाडून विरोध केला, पत्रिकेनेही केला. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, समाजाने आपण होऊन सुधारावे, ही टिळकांची भूमिका. मुलीचे लग्न सोळाच्या आत करू नये, असा ठराव लोकांनी स्वेच्छेने पाळावा, हे त्यांनीच १८९० मध्ये सुचवले होते. पण समाज आपण होऊन सुधारेपर्यंत फुलमणीसारख्या मुलींनी काय करायचे, याचे उत्तर त्या भूमिकेत नव्हते. टिळकांबद्दल मनात कितीही आदर असला, तरी हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्या वादात जुळलेले नाते १८९७ मध्ये कामी आले. पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला, तेव्हा मोतीलालबाबूंनी कलकत्त्यात वर्गणी जमवायला घेतली. रवींद्रनाथ ठाकुरांनीही हातभार लावला. बचावासाठी बॅरिस्टर पग कलकत्त्याहून मुंबईला आले. माफी मागून सुटावे, असा सल्लाही टिळकांना मिळाला. त्यांनी मोतीलालबाबूंना कळवले, की मनाने वाकलो तर महाराष्ट्रात राहणे आणि अंदमानात राहणे सारखेच. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

पुढे जून १९०६ मध्ये टिळक, दादासाहेब खापर्डे आणि डॉ. मुंजे शिवाजी उत्सवासाठी कलकत्त्याला गेले. बंगालमध्ये हा उत्सव रुजवणारे सखाराम गणेश देऊस्कर हे घराण्याने मराठी आणि लेखणीने बंगाली. ज्या बंगालमधल्या आया ‘बर्गी (म्हणजे लुटारू मराठे स्वार) येतील’ म्हणून पोरांना झोपवत, तिथे शिवाजीचा जयजयकार झाला.

तेव्हा त्या गृहस्थांनी सांगितले ते खरेच. बर्गींनी लुटलेल्या मुलुखाने मराठी माणसासाठी आपण होऊन पैसे काढले. पुन्हा गेलात, तर आनंद चॅटर्जी लेनमधून एक फेरी जरूर मारा.