नर्सिंगला प्रवेश घेण्यापूर्वी: फीचा हिशेब आणि घराचा हिशेब

गेल्या कोजागिरीला मंडळाच्या कार्यक्रमात दोन-तीन भगिनींनी माझ्या पत्नीला गाठून एकच प्रश्न विचारला, "नर्सिंगला जावं म्हणते, काय काय लागतं गं?" तिला तेव्हा परीक्षेमुळे वेळ नव्हता, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी सॉफ्टवेअर इंजिनियर. इंजेक्शनची सुई दिसली की मान फिरवणारा. तेव्हा हा लेख नर्सचा नसून नर्सिंग शिकलेल्या बाईच्या नवऱ्याचा आहे, असे समजून वाचावा.

कोणता अभ्यासक्रम?

अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स (आर.एन.) होण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी. दुसरा, विद्यापीठाची चार वर्षांची बी.एस.एन. तिसरा, दुसऱ्या विषयाची पदवी आधीच असणाऱ्यांसाठी साधारण वर्ष-दीड वर्षाचा जलद बी.एस.एन. शेवटची परीक्षा, एनक्लेक्स-आर.एन., तिघांनाही एकच. मात्र बरीच मोठी हॉस्पिटले बी.एस.एन.ला प्राधान्य देतात. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ साली कायदाच केला, की नव्या आर.एन.ने दहा वर्षांच्या आत बी.एस.एन. पूर्ण करावे.

आपल्याकडची तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. काही कॉलेजे पूर्ण पदवी धरतात, काही धरत नाहीत. म्हणून गुणपत्रिकांचे मूल्यमापन करून घेण्याआधीच कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो, हे कॉलेजला विचारावे. एकदा भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

दोन वर्षे म्हटली तरी त्यात पूर्वतयारीचे विषय धरलेले नसतात. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राची दोन सत्रे, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र आणि इंग्रजी हे विषय बहुतेक ठिकाणी लागतात. त्यातले गुण प्रवेशासाठी मोजले जातात. पाच-सात वर्षांपूर्वी केलेले विज्ञानाचे विषय अनेक कॉलेजे मानत नाहीत. शिवाय टीज किंवा हेसी यांसारखी प्रवेशपरीक्षा असते.

मान्यता आणि व्हिसा

कॉलेजला राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे ना, हे बोर्डाच्या यादीतच पाहावे, कॉलेजच्या माहितीपत्रकात नव्हे. त्याखेरीज एसीईएन किंवा सीसीएनई यांची राष्ट्रीय मान्यता असली, तर पुढील शिक्षण आणि नोकरी सोपी जाते. एनक्लेक्समध्ये पहिल्या प्रयत्नात त्या कॉलेजचे किती टक्के विद्यार्थी उत्तीर्ण होतात, हेही बोर्डाकडे कळते. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातले खोट्या नर्सिंग पदविकांचे प्रकरण उघडकीस आले. ७,६००हून अधिक पदविका विकल्या गेल्याचे सरकारने सांगितले. झटपट पदवीची जाहिरात दिसली, की हा आकडा आठवावा.

एच-४ व्हिसावर शिकता येते, पण कामाचा परवाना असल्याशिवाय नोकरी करता येत नाही. २०१५ सालापासून काही एच-४ धारकांना तो परवाना मिळू लागला. पत्नीकडे तो होता म्हणून आमचा मार्ग मोकळा झाला. तो नसेल तर शिक्षण पुरे होऊनही घरी बसावे लागेल, कारण साध्या आर.एन.च्या नोकरीवर एच-१बी मिळणे कठीण असते. काही राज्यांत लायसन्सच्या अर्जाला सोशल सिक्युरिटी नंबरही लागतो. आधी वकिलाला विचारा, मग कॉलेजला.

दंडावरची खूण

हॉस्पिटलच्या वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी लसींचे कागद लागतात. "कांजिण्या लहानपणी येऊन गेल्या, आईला विचारा," हे इथे चालत नाही. रक्ततपासणीने रोगप्रतिकारशक्ती सिद्ध करावी लागते, नाही तर लस घ्यावी लागते. हेपटायटिस-बीच्या नेहमीच्या तीन डोसांना सहा महिने लागतात, तेव्हा लवकर सुरुवात करावी. आपल्यापैकी बहुतेकांना बी.सी.जी. दिलेली असते. तिच्यामुळे क्षयाची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रेच्या फेऱ्या सुरू होतात. तिच्याऐवजी रक्ताची चाचणी मागावी, बी.सी.जी.चा तिच्यावर परिणाम होत नाही.

अभ्यास

आपण पाठांतरात तरबेज. इथे तेवढ्याने भागत नाही. चार रोगी आहेत, चौघांनाही त्रास होतो आहे, आधी कोणाकडे जाल? असे प्रश्न असतात आणि चारही पर्याय बरोबर वाटतात. औषधाच्या मात्रेची गणिते मात्र आपल्याला जमतात. रोग्याचे वजन १५४ पौंड, म्हणजे २.२ ने भागून ७० किलो. किलोमागे ५ मिलिग्रॅम औषध, म्हणजे ३५० मिलिग्रॅम. उत्तीर्ण होण्यासाठी पंचाहत्तर टक्के किंवा त्याहून अधिक गुण अनेक कॉलेजांत लागतात, आणि अर्धा गुण कोणी वाढवून देत नाही. एनक्लेक्समध्ये ८५ ते १५० प्रश्न आणि पाच तास असतात. उत्तरे पाहून संगणक पुढचा प्रश्न निवडतो. एप्रिल २०२३ पासून तीत रोग्याची संपूर्ण हकिगत देऊन निर्णय विचारणारे प्रश्नही आले आहेत.

पैसा

केंद्र सरकारची शैक्षणिक मदत नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते, एच-४ला नाही. मुलांसाठी उघडलेल्या ५२९ खात्याचा लाभार्थी बदलून ते आईच्या शिक्षणाला वापरता येते. लाइफटाइम लर्निंग क्रेडिटमधून १०,००० डॉलरपर्यंतच्या फीवर २० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २,००० डॉलर, करात सूट मिळू शकते. मात्र एकत्र कर भरणाऱ्या जोडप्याचे उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या वर गेले, की ती कमी होत जाते आणि १,८०,०००ला संपते. हॉस्पिटलात नर्सिंग असिस्टंट म्हणून काम केले, तर काही मालक शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त मदत देतात. सरकारी आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये आर.एन.चा मध्यम वार्षिक पगार ९३,६०० डॉलर होता. गुंतवणूक वाईट नाही.

राहिलेला रकाना

हे सगळे मी तक्त्यात मांडले होते. फी, पुस्तके, गणवेश, पेट्रोल, सगळे रकाने भरले. एकच रकाना नव्हता: माझे तास.

पहिल्या वर्षी तिचे हॉस्पिटलातले काम सकाळी पावणेसातला सुरू होई. एका पहाटे मुलाला ताप चढला. माझ्या प्रोजेक्टचे काम रात्रभर चालले होते. "आजच्या दिवस तू बघ ना," मी म्हटले. ती थांबली. महिन्याभराने शाळेला अचानक सुट्टी मिळाली आणि पुन्हा तीच थांबली. नियमाप्रमाणे एकच गैरहजेरी माफ होती. तिला ८८ टक्के गुण होते, तरी तो विषय सोडावा लागला, आणि तो वर्षातून एकदाच शिकवला जाई. एक वर्ष गेले. ती मला काही बोलली नाही. इस्त्री केलेला गणवेश तिने कपाटात ठेवून दिला, एवढेच.

दुसऱ्या खेपेला तिच्या हॉस्पिटलच्या तारखा माझ्या कॅलेंडरवर आधी लागल्या. मॅनेजरला मी सत्राच्या सुरुवातीलाच सांगून टाकले. मंडळातल्या एका कुटुंबाशी ठरले, की मुलांच्या आजारपणात एकमेकांना सांभाळायचे. माझी आई सहा महिने आली. फोनवर तीच म्हणाली होती, "बी.एस्सी. झालेली सून रोग्यांची अंगं पुसणार का?" इथे आल्यावर पहाटे पाचला उठून तिने सुनेचा डबा केला, आणि परत जाताना शेजारणींना दाखवायला गणवेशातला फोटो मागून घेतला.

तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी नवरा-बायकोने एका संध्याकाळी बसून पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत:

१. या कॉलेजला बोर्डाची मान्यता आहे का?
२. आपला व्हिसा नोकरीपर्यंत पोचवतो का?
३. किती गैरहजेऱ्या माफ आहेत? विषय सोडावा लागला तर तो पुन्हा कधी मिळतो?
४. तिचा पगार नसताना घर किती महिने चालेल?
५. पहाटे साडेपाचला मूल आजारी पडले, तर घरी कोण थांबणार?

पहिल्या चारांची उत्तरे फोन केला की मिळतात. पाचव्याचे उत्तर घरातच ठरवावे लागते. आम्ही ते एक वर्ष उशिरा ठरवले. आपण आधी ठरवा. सर्व होऊ घातलेल्या नर्स भगिनींना, आणि बंधूंनाही, मनापासून शुभेच्छा.