प्राजक्त : अंगणातील देवपुष्प

देवपूजेची फुले झाडावरून खुडून घ्यावीत, भूमीवर पडलेली वाहू नयेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. प्राजक्त, म्हणजेच पारिजातक, हा त्यास अपवाद मानला जातो. सायंकाळनंतर उमललेली ही फुले पहाटे आपोआप गळतात. झाडाने स्वतःहून दिलेले हे फूल देवाला तसेच अर्पण करतात.

श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी हा वृक्ष स्वर्गातून आणला. फुले मात्र रुक्मिणीच्या अंगणात पडली, ही कथा सर्वश्रुत आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो भारतीय भूमीतीलच आहे. लिनियसने १७५३ मध्ये त्याची नोंद 'उदास वृक्ष' या अर्थाच्या लॅटिन नावाने केली.

चातुर्मासात अनेक घरी या फुलांची लाखोली वाहतात. चार महिन्यांत लक्ष फुले म्हणजे दररोज सुमारे ८३० फुले होतात. हे नाजूक फूल काही तासांतच कोमेजत असल्याने बाजारात सहसा मिळत नाही. यास्तव दारी झाड असणे हाच खरा उपाय होय.

लागवड : चपट्या, वाटोळ्या फळातील बी पेरून किंवा पावसाळ्याच्या प्रारंभी पेन्सिलीएवढ्या जाडीचे, ६ ते ८ इंच लांबीचे छाटकलम लावून रोप करता येते. जागा उन्हाची व पाण्याचा निचरा होणारी असावी. मुळांशी पाणी साचल्यास झाड दगावते. अंगण नसल्यास मोठ्या कुंडीतही ते वाढते.

निगा : नवीन फुटव्याच्या शेंड्यांवर फुले येतात. त्यामुळे बहर संपल्यावर हलकी छाटणी करावी. उन्हाळ्यात पाने गळाली, तरी झाड वाळले असे समजून तोडू नये. पावसाबरोबर ते पुन्हा पालवते.

पूजेसाठी : रात्री झाडाखाली स्वच्छ कापड अंथरावे. पहाटे फुले चिखल-माती न लागता मिळतात. ती प्लास्टिकच्या पिशवीत न भरता परडीत घ्यावीत. देवाला वाहावयाच्या फुलांच्या झाडावर रासायनिक औषधे फवारू नयेत.

पूजेनंतरचे निर्माल्य नदीत वा विहिरीत न सोडता त्याच झाडाच्या आळ्यात मातीआड करावे. झाडाने दिलेले देवाच्या चरणांवरून पुन्हा झाडाकडे जाते, आणि जलाशयही निर्मळ राहतात. भाविकांनी घरी लावलेले एक रोप ही अशी नित्याची सेवाच होय.