मुठा : कोरडी आणि भरलेली

पुण्याची मुठा पाहावी ती लकडी पुलावरून. पानिपतानंतर १७६१ मध्ये इथे लाकडाचा पूल झाला; आज तो पक्का आहे, नाव मात्र तेच. उन्हाळ्यात या पुलावर उभे राहून पाहुण्यांना ‘ही आमची नदी’ म्हणायला संकोच वाटतो. खाली मैलापाण्याचा काळा ओहोळ असतो. तरी पावसाळ्यात याच ओहोळाला शहर भिते. हे कसे, याचा शोध घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

मुठेचे पाणी शहरात येण्याआधीच अडते. खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. पुढे त्याच्या वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव व टेमघर ही धरणे झाली. चारही धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. ते कालव्याने शेताला आणि नळाने घराला जाते. नदीच्या वाट्याला येते ते बहुतांशी आपण वापरून टाकलेले.

पण खरी गोम खडकवासल्याच्या आकारात आहे. वरच्या तिन्ही धरणांतून सुटलेले पाणी इथेच उतरते, आणि त्याची स्वतःची साठवण दोन टीएमसीहूनही कमी! रांजणांखाली तांब्या ठेवावा, तसे हे आहे. जोराचा पाऊस झाला की तांब्या भरतो व दारे उघडावी लागतात.

१९६१ चा पूर मात्र निराळा होता. १२ जुलैला पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि काठच्या पेठा बुडाल्या. माझी आजी तेव्हा सात वर्षांची होती. ती पाण्याचे फारसे सांगत नाही, चिखलाचे सांगते. वाड्यात गुडघाभर गाळ होता, आणि तो उपसताना घरचे एकच पितळी पातेले हाती लागले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती झाल्या. आजीचे वडील काठालाच राहिले. त्यांचे काम तिथे होते.

नकाशावर नदीकाठी दोन पूररेषा असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमचे घर निळ्या रेषेच्या आत आहे. मला हे नकाशा पाहून कळले. आईला नकाशाची गरज कधी पडली नाही.

२५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याचा विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकवर गेला. या वेगाने दिवसभर पाणी सोडले, तर तीन टीएमसी होते. म्हणजे अख्ख्या खडकवासल्याहून अधिक. सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरले, आमच्याकडेही शिरले. माझा प्रथम वर्षाचा प्रवेश नुकताच झाला होता. आजीला खाटेवरून उचलायला गेलो, तर ती म्हणाली, “मला राहू द्या. आधी पोरीचे दाखले घ्या.”

दाखले आता माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असतात. डेक्कनजवळचा भिडे पूल सखल आहे, पाणी वाढले की तो आधी बुडतो. पाऊस लागला की आजी तेवढेच विचारते, “भिडे पूल दिसतोय का गं?”